खांबावरचं नाव

मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या एक बाई टूर मॅनेजर होत्या. लिफ्टमध्ये भेटल्या तरी कुणावर तरी चिडलेल्याच असायच्या. बोलताना आधी त्यांचं बोट हलायचं, मग शब्द यायचे.

त्यांच्या टूरबरोबर मी एकदा इटलीला गेलो. तिथल्या एका जुन्या गावात मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरदारांचे दगडी महाल होते आणि आमची मंडळी खालच्या दुकानांत पर्स बघत होती.

"जरा वर बघा!" बाई ओरडल्या. "दुकानं मीरा रोडलापण आहेत."

तेवढ्यात आमच्याच बिल्डिंगमधला एकजण किल्लीने महालाच्या खांबावर स्वतःचं नाव कोरताना त्यांना दिसला. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला थेट रखवालदारापुढे उभं केलं.

"मॅडम, आम्ही पैसे भरलेत."

"बसचे भरलेत. खांबाचे नाही."

त्याला दंड झाला. परत आल्यावर त्याने टूर कंपनीकडे तक्रार केली आणि कंपनीने बाईंनाच काढून टाकलं. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

परवा लिफ्टमध्ये तो हसत त्यांना म्हणाला, "झालं गेलं, सोडा ना आता."

"तुमचं नाव अजून त्या खांबावर आहे," बाई म्हणाल्या. "ते पुसून या, मग सोडते."