दुसरी कात

असे अनुभव वाचताना मी नेहमी चूक शोधते. सांगणाऱ्याने नीट पाहिलं नसेल, पाहिलेलं लगेच लिहून ठेवलं नसेल. माझाही अनुभव तुम्ही तसाच वाचा — चूक सापडली तर मला ती हवीच आहे.

सन चौतीसचा आश्विन. ताईला इंदापुरात, तिच्या सासरी, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. आई नाही, वडील बारामतीला कालव्यावर ओव्हरसीअर, ताईचे यजमान दिवसभर कचेरीत. म्हणून शुश्रूषेला मी गेले. सर्व्हिस मोटारीत माझ्या मांडीवर कंदिलाची काच होती, दोन्ही तोंडांना मलमल बांधलेली. आत काटेवाडीच्या मळ्यात लिंबोणीवर सापडलेला मॅन्टिस — आपल्याकडे खंडोबाचा किडा म्हणतात तो. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये असल्यापासून मी हे किडे पाळते, रोज चित्र काढून नोंद ठेवते. माणसांशी बोलण्यापेक्षा ते सोपं जातं.

काच ताईच्या खिडकीत ठेवली. किडा पुढचे दोन हात जोडून बसलेला.

"तुला बघायला आलेला तो वकील अस्साच बसला होता गं सुमे," ताई म्हणाली. "हात जोडलेले... आणि डोळे पोह्यांवर!"

"ही मादी आहे. नवऱ्यालाही खाते."

"मग हिला सासर कुठलं मिळायचं!" ती हसली, आणि हसूनच दमली.

घरकामाच्या भागूबाईला मात्र हे पसंत नव्हतं. "देवाचा किडा हाय, धाकट्या बाई. हात जोडून सांगतंय, सोडा मला. तुमास्नी ऐकू येत न्हाय व्हय?"

पाचव्या दिवशी मादीने खाणं सोडलं. वरच्या मलमलीला उलटी लटकून निश्चल. मी ताईला सांगितलं — ही आता शेवटची कात टाकणार, मग पंख येतील. या वेळी झोपल्यासारखी दिसते, पण हात लावायचा नाही. कात अर्धी सुटली असतानाच भागूबाईने खिडकी पुसायला काच उचलली, आणि मादी खाली पडली. डावा हात कातीतच अडकून तुटला.

"पुढच्या कातीला येईल ना परत?" ताईने विचारलं.

"पंख फुटल्यावर पुढची कात नसते."

"म्हणजे एकदा चुकलं की चुकलंच?"

मी हो म्हटलं. ती कात वहीत चिकटवली.

तापाच्या एकविसाव्या दिवशी दुपारी ताईचा ताप उतरला. थर्मामीटरवर सत्त्याण्णव. तिने पेज नको म्हटलं, डोळे मिटून निश्चल पडून राहिली. भागूबाई अंग पुसायला आली.

"बाई, हात गार पडल्यात. सायबास्नी कचेरीतनं बोलवू का?"

"मुदत संपली ना आज. झोपू दे तिला. हात लावू नका."

हे शब्द मी कुठून उचलले, ते तेव्हा लक्षातही आलं नाही. तासभर मी तिच्या उशाशी बसून त्या दिवसाचं चित्र काढत होते — पंख, उजवा हात, डावीकडे रिकामं. मान वर केली तेव्हा ताई गेलेली होती. आतड्याला भोक पडलं असावं, डॉक्टर म्हणाले. ताप असा एकदम उतरतो तेव्हाच धावायचं असतं. लवकर बोलावलं असतं तर...

तिला नेल्यावर मी खोलीत आले. काचेत एक कात लटकत होती. पंखांसकट. हात जोडलेले — दोन्ही. मादी आत नव्हती. मलमलीच्या गाठी माझ्याच, कुठे छिद्र नाही.

"खंडोबाची आण, म्या हात लावला न्हाय," भागूबाई दारातूनच म्हणाली.

मुंबईच्या एका कीटकतज्ज्ञांना मी सगळं कळवलं, चित्रं पाठवली. सभ्य उत्तर आलं: पंख फुटलेला मॅन्टिस कात टाकत नाही, निरीक्षणात चूक झाली असावी. मीही हेच लिहिलं असतं.

तीन वर्षं ती चूक शोधते आहे. दोन्ही काती वहीत आहेत. पहिलीत तुटका हात, दुसरीत दोन्ही. चूक असेल, तर त्या दुपारी समोर बसून मी काहीच नीट पाहिलं नाही — ताईलासुद्धा. आणि नसेल, तर त्या खोलीत गेलेलं परत मिळत होतं... आणि ते एका किड्याला मिळालं.