वाटीवरचा अंगठा

प्रयोगशाळेत सगळे त्याला मोजेमामा म्हणत. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात बसणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या तपासण्यात त्याची उमर गेली होती. हातमोज्यांशिवाय कुणी वाटीला हात लावला, की त्याची खैर नसे. "ती माणसाच्या अंगात वीस वर्षं राहायचीय. तुमचा घाम कशाला तिला?"

नव्या संशोधक बाईंनी वाटीवर पाणी धरून ठेवणारा पातळ थर चढवायचं ठरवलं. वाटी ओली राहिली की कमी झिजते, आणि झिजेचा चुरा हाड पोखरत नाही. थर चिकटावा म्हणून वाट्या आधी वायूच्या झोताखाली अगदी स्वच्छ केल्या होत्या; आता बोटाचा घाम लागला, तरी थर नीट धरणार नव्हता. मोजेमामानं चष्मा पुसायला मोजे काढले, आणि नेमकी तेव्हाच एक वाटी घरंगळली. त्यानं ती वरच्यावर झेलली. अंगठा थेट आत.

ती टाकून द्यायला हवी होती. पण टाकायची तर कारण सांगावं लागणार. 'एवढ्यानं काय होतंय,' म्हणत त्यानं ती गुपचूप रांगेत ठेवली.

महिनाभर यंत्रावर घासल्यावर त्याच वाटीचा थर सोलून निघाला. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "एकीचा सुटला, म्हणजे टिकत नाही. विषय बंद."

बाईंनी भीतभीतच विचारलं, "मामा, हाताळताना काही झालं असेल?"

"माझ्याकडून? छे!"

सगळे हसले. बाई ओशाळल्या. "माफ करा मामा, विचारायला नको होतं."

बाईंची बदली पॅकिंगला झाली. जाता-येता त्या दिसत, हसत, आणि हा खाली मान घालून निघून जाई. चार महिन्यांनी बायकोनं खोदून विचारलं, तेव्हा तो बोलला. तिनं समजूत घातली नाही. एवढंच म्हणाली, "मग तिला कधी सांगणार?"

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांसमोर, सगळ्यांदेखत सांगितलं. कुणी हसलं नाही.

"मी तुमची माफी मागितली होती," बाई म्हणाल्या.

"हो."

चाचणी पुन्हा झाली. मोजेमामा आपणहून बाजूला राहिला. या खेपेला एकाही वाटीचा थर सुटला नाही. बाई परत आपल्या कामावर आल्या. त्याच्याशी त्या बोलत, पण कामापुरतंच.

अहवाल आला, तो त्यानं उभ्या उभ्याच वाचला. पहिल्या अपयशाचं कारण एका ओळीत होतं: हाताळणीतली चूक. कुणाची, ते बाईंनी लिहिलं नव्हतं.

"माझं नाव घातलं असतं, तर बरं झालं असतं," घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, आणि बराच वेळ बूट न काढता तसाच बसून राहिला.