गार बोनेट

महापालिकेनं स्टेशनजवळच्या रस्त्यांवरचं पार्किंग ठेकेदाराकडे दिलं, तेव्हापासून त्या ठेकेदाराचा एक माणूस मला रोज सकाळी दिसू लागला. पन्नाशीचा, काटक, हातात चाकाला अडकवायचा पिवळा जॅमर. नो पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या बोनेटवर तो तळहात ठेवायचा, आजाऱ्याचा ताप बघावा तसा. मग टपावर. त्यानंतर कधी जॅमर लावायचा, कधी नुसताच शेजारी उभा राहायचा.

एकदा जॅमर माझ्याच चाकाला लागला. पुढची गाडी मात्र मोकळी होती. मी भडकलो.

"तिला सोडलंत आणि माझीच दिसली? दोन मिनिटं नाही झाली मला!"

त्यानं शांतपणे माझं मनगट धरलं आणि हात पुढच्या गाडीच्या बोनेटवर ठेवला. चांगलंच तापलेलं होतं. मग टपावर. तो गार.

"उन्हानं तापली असती तर टप पन तापला असता," तो म्हणाला. "ही आताच आलीय. मानूस जवळच असेल. ठेकेदार सांगतो, दिसली की लाव. पन मी थांबतो जरासा."

मग त्यानं माझा हात माझ्या बोनेटवर ठेवला. ते केव्हाच गार पडलं होतं.

तेवढ्यात एक बाई औषधांची पिशवी घेऊन धावत आली आणि त्याच्याकडे न बघताच पुढची गाडी काढून गेली.

मी मुकाट्यानं दंड भरला. हल्ली घरून फोन आला, की "दोन मिनिटांत पोचतो" हे अगदी तोंडाशी येतं. पण तेवढ्यात तळहाताला ते गार बोनेट लागतं.