परबकाकांची खंडेनवमी

परबकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. काकूंनी दोन वाक्यं सांगितली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. मी उठून आतल्या खोलीत गेले, जिथे त्यांनी उभारलेला, लॅबचा सगळा डेटा सांभाळणारा रॅक आहे. मी तिथे का गेले, ते आजही नीट सांगता येणार नाही. हिरवे दिवे रोजच्यासारखे लुकलुकत होते. बाहेर शिल्पा, आमची रिसेप्शनिस्ट, कुणाला तरी रिपोर्टची प्रिंट काढून देत होती... मी दार लावून घेतलं आणि थोडा वेळ तिथेच थांबले. गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता.

मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळते. इथली यंत्रणा बसवणं-दुरुस्त करणं काकांकडे होतं; ते आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे आणि ही नोकरीही त्यांच्यामुळेच मिळाली. "पोरगी बोलत नाही, पण बघते नीट," एवढीच शिफारस त्यांनी लॅबच्या मालकीणबाईंकडे, म्हणजे आमच्या डॉक्टरबाईंकडे केली होती. लॅबची नोंदणी, रिपोर्ट, बिलं या सगळ्यांचे वेगवेगळे सर्व्हर आहेत, पण ते हात लावून दाखवता येत नाहीत. दोन मशीनच्या पोटात चालणारे ते नुसते सॉफ्टवेअरचे सर्व्हर. त्यांचा सगळा डेटा राहतो रॅकमधल्या दोन चपट्या बॉक्समध्ये. प्रत्येक अक्षर एकाच वेळी दोन्ही बॉक्समध्ये लिहिलं जातं. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम पुढे न्यायचं. एका मोठ्या कंपनीने अशा सोयीची जी किंमत सांगितली होती, त्यात डॉक्टरबाईंनी आणखी एक लॅब उघडली असती. काकांनी या बॉक्ससाठी ऑफिसांनी टाकून दिलेली दोन जुनी मशीन उचलली, आत नव्या डिस्क भरल्या आणि रॅक चक्क लोखंडी कपाटं बनवणाऱ्याकडून करून घेतला. त्याची भोकं जरा चुकली, तर दोन दिवस बसून कानशीने घासली. डिस्कही मुद्दाम तीन दुकानांतून आणायचे. "एका खोक्यातल्या डिस्क एकदम म्हाताऱ्या होतात गो," म्हणायचे.

खंडेनवमीला लॅबमध्ये सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार पडतात, अगदी मायक्रोस्कोपलासुद्धा. रॅकला मात्र काका फूल लावू द्यायचे नाहीत. "पाकळी पंख्यात गेली की वाट लागली." इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे, एका कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावायचे, रॅकच्या मागे जायचे आणि भर गर्दीच्या वेळी दोनांतला एक बॉक्स बंद करायचे. त्यांचे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. "बाबा साचा बंद करून पूजा करायचे," हे त्यांचं कारण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रॅकच्या कडेने डोकावले.

"काका, खरंच बंद केलंत?"

"केलं. माझ्याकडे काय बघतंस? भायर बघ."

बाहेर शिल्पाच्या स्क्रीनवरचं चक्र गरगरत राहिलं. समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक, एक लहान बाळ, एक चिडलेले आजोबा... आणि मग चक्र थांबलं, नाव टाइप झालं, पावती निघाली. शिल्पाने मान वर करून विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काहीच नाही."

"जोरात सांग," रॅकच्या मागून आवाज आला. "काहीच नाही होत, ह्याचेच तर पैसे घेतो मी."

मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉम्प्युटरचीच पदवी घेतली, पण काहीही न घडणं इतकं अद्भुत असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढची सगळी वर्षं मी पुढे उभी राहून स्क्रीन बघायचे आणि ते मागे असायचे. या माणसाला भीती म्हणून नाहीच, असं मी धरून चालले होते.

यंदा डॉक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे गं या वर्षी. ते नाहीत. अडकलं तर कोण सोडवणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अडकलं असतं तर रुग्णांचे रिपोर्ट अडकले असते. पण न करताच सोडलं, तर दुसरा बॉक्स खरंच उभा आहे का, हे तो लागेल त्याच दिवशी कळलं असतं. संध्याकाळी काकूंकडे जाऊन बसले. त्यांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी ते चहासुद्धा घेत नसत. मला वाटायचं उपास. एकदा विचारलं तर म्हणाले, आज पोटात गोळा असतो गो."

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, मी डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले. "मॅडम, चालत नसेल तर आजच कळू दे. मी आहे."

त्या उठून माझ्याबरोबर रॅकच्या खोलीत आल्या. "कर. पण मी इथून हलणार नाही."

मी पहिल्यांदाच रॅकच्या मागे गेले, बटण दाबलं आणि मनात मोजू लागले. सात, आठ...

"ए, अडकलं गं!" बाहेरून शिल्पा. अकरा. बारा. मला चहा न घेतल्याचं बरं वाटलं. "थांब, थांब... चाललं."

पंधरा.

मोबाइलचा दिवा लावून वायरी तपासताना भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. बारीक, सरळ अक्षर. एकेक वर्ष आणि पुढे दुसऱ्या बॉक्सने काम उचलेपर्यंतचे सेकंद: बावन्न, एकतीस, अठरा, शेवटी गेल्या वर्षीचे बारा. आणि सगळ्यांत वर, मी इथे येण्याच्याही आधीचं: 'दोन्ही बंद. दोघांची वायर एकाच बोर्डवर. गाढव.'

डॉक्टरबाई माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या. "अख्खा दिवस लॅब बंद होती त्या वर्षी," त्या म्हणाल्या. "काय काय बोलले मी त्यांना, सगळ्यांसमोर. मला वाटलं, आता हा माणूस काही परत येत नाही. पुढच्या खंडेनवमीला पांढरा शर्ट घालून हजर. म्हणे, बंद करू का?"

पेन्सिल दोऱ्याने रॅकच्या पायालाच बांधलेली होती. मी बाराच्या खाली पंधरा लिहिलं. आकडा वाढलाय. तीन सेकंद कुठे गेले, ते शोधतेय.