फटफटीला बैलाचे गाऱ्हाणे

गिरण्यांचा संप सुरू असताना मी फटफटी घेतली. हे वाक्य ऐकून लोक हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. मी मागखात्यात फिटर होतो, माग बंद पडले होते आणि माटुंग्याच्या एका दुकानमालकाला शिलाई यंत्रे दुरुस्त करणारा माणूस हवा होता. दादरपासून शिवेपर्यंत पसरलेल्या शिवणकामाच्या कारखान्यांत दिवसभर फिरायचे काम. अट एकच, वाहन स्वतःचे पाहिजे.

"सोमवारी गाडी घेऊन या," मालक म्हणाला. "गाडी नसेल तर येऊ नका. दुसरा माणूस तयार आहे."

माझ्या हाती जेमतेम आठवडा होता. पैसे कसे उभे केले, ते सांगत नाही. केले.

वाहन निवडताना लोक रंग पाहतात. मी आवाज ऐकतो. यंत्राचा दोष कानाला कळतो, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. शीव कोळीवाड्यातल्या एका गृहस्थाची जुनी फटफटी विकायची होती. तो तिच्यावरून बायकोच्या मासळीच्या पाट्या बाजारात पोचवीत असे. त्याने किक मारली. मी डोळे मिटून इंजिन ऐकले. दोष नव्हता.

"गारी एकदम बेस हाय," तो म्हणाला. "यो वास येतं तो सुक्या बोंबलाचा. इंजिनाचा नाय."

वासाकडे मी लक्ष दिले नाही. वाटेत टाकी काठोकाठ भरली आणि लालबागच्या आमच्या चाळीपर्यंत फटफटी विनातक्रार आणली. अंगणात ती उभी करताच चाळीतली सगळी मांजरे खाली उतरली. एक आसनावर बसले, दुसरे मागच्या कॅरिअरला अंग घासू लागले. पत्नी कठड्यावरून पाहत होती.

"कानान बघून घेतलात," ती म्हणाली. "जरा नाकानय बघूक होया होता."

नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घालतात. वडीलधारा माणूस नारळ हातात धरून देवाला मागणे सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या खोलीत माझे थोरले काका राहत. अर्धे आयुष्य गावी शेती केल्यावर ते मुंबईत आले होते, त्यामुळे गाऱ्हाण्याचा मान चाळीने त्यांना दिला होता. संध्याकाळी सगळी चाळ अंगणात उतरली. संपामुळे कोणालाच पाळीवर जायचे नव्हते. पत्नीने फटफटीला हार घातला आणि पेट्रोलच्या टाकीच्या टोपणावर तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचा जाड मळवट भरला.

"तिथे कशाला?" मी विचारले.

"ता तिचा कपाळ," ती म्हणाली.

वाद घालण्यासारखा मुद्दा नव्हता. काकांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान ह्या जनावर घराक आणल्यान हा."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली.

"तेका दावणीक सुखान रवांदे."

"व्हय म्हाराजा."

"गावची वेस वलांडून जावक देव नको. दुसऱ्याच्या शेतात तोंड घालूक देव नको. कोणाक शिंग मारूक देव नको."

"व्हय म्हाराजा."

चाळीचा उत्साह मोठा होता. शब्द कोणी ऐकले नाहीत. मीही ऐकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावासाठी निघालो. कोणतेही यंत्र थंड असताना पळवू नये, असा माझा नियम आहे. म्हणून अंगणात बराच वेळ इंजिन तापू दिले आणि मग फाटकाबाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. आमच्या भागात त्या वर्षी चालू असलेली ती एकमेव गिरणी. फटफटी बरोबर तिच्यासमोर आली आणि बंद पडली.

मी टोपण उघडून पेट्रोल पाहिले. भरपूर होते. टोपण लावले, प्लग काढून पुसला, परत बसवला. एका किकेत इंजिन चालू झाले. हत्यारे घरी असल्यामुळे मी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर ती उत्तम चालली. अंगणात आल्यावर मी प्लग नीट साफ केला. पत्नीने टोपणावरचा मळवट जरा फिसकटलेला पाहून त्यावर नवा भरला.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. गिरणीपर्यंत जावी, बंद पडावी, मी टोपण उघडून पेट्रोल पाहावे, प्लग पुसावा आणि तिने आनंदाने घरी यावे. शनिवारी मी कार्ब्युरेटर उतरवून धुतला, तारा तपासल्या. रोज सकाळी मळवट ताजा होताच. मांजरे रोज गिरणीपर्यंत सोबत येऊ लागली. पिठाच्या गिरणीवाल्याने माझ्यासाठी एक स्टूल बाहेर ठेवले. त्याचा हेतू चांगला होता. मी त्यावर बसलो नाही.

शेजारच्या खोलीत माझ्याच खात्यातला एक विणकर राहत असे. संपात त्याला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून त्याने माझ्या फटफटीचा अभ्यास आरंभला होता.

"काय रे, गाडी घेतलीस की बैल पाळलास?" तो शनिवारी संध्याकाळी म्हणाला. "वेशीपर्यंत जातो आणि गोठ्याची आठवण आली की फिरतो." मग तो एकदम थांबला आणि काकांकडे वळला. "काका, त्या दिवशी तुम्ही शिंगं म्हणालात ना?"

"म्हटलंय," काका म्हणाले.

"फटफटीला शिंगं कुठली?"

"मगे ता हँडल काय आसा?"

चौकशी झाली. काकांनी शांतपणे सांगितले की त्यांना गाऱ्हाणी मोजकीच येतात. लग्नाचे, पेरणीचे, नवा बैल आणल्याचे आणि गावाहून मुंबईला निघालेल्या चाकरमान्याचे. फटफटीचे गाऱ्हाणे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवले नव्हते. फटफटीची चाके दोन, म्हणजे चार पायांची निम्मी, म्हणून त्यांनी बैलाचे घातले.

ही बातमी जिन्यावरून वरच्या मजल्यावर गेली आणि निर्णय होऊनच खाली आली. फटफटी देवाचा शब्द पाळत होती.

मी फिटर आहे. देवाने कार्ब्युरेटरमध्ये हात घालावा, हे मला मान्य नव्हते. पण सोमवार एका दिवसावर आला होता आणि माझ्याकडे दुसरे स्पष्टीकरण नव्हते. रविवारी सकाळी मी शेवटचा प्रयत्न केला. गाडी गिरणीसमोर थांबली. या वेळी मी काही उघडले नाही. विणकराने मागून ढकलली, मी हँडल धरले आणि आम्ही ती अंगणात आणली. कठड्यावरून कोणीतरी "हिऱ्ऱ, हिऱ्ऱ" असे बैल हाकल्यासारखे ओरडले. मी वर पाहिले नाही.

"काका, ते गाऱ्हाणे मागे घ्या," मी म्हणालो.

"देवाक सांगलला मागे घेतत? संप तरी खंय मागे घेतलो?"

"उद्या गाडी वेशीबाहेर गेली नाही तर माझे काम गेले."

काकांनी टोपणावरच्या मळवटाला बोट लावून पाहिले. मग म्हणाले, "मागे घेवचा नाय. पण तेच्यावर दुसरा घालूक येता. आदी जुना पुसा. जुन्यावर नवा चढणा नाय."

पत्नीने पाण्याचा तांब्या आणला आणि टोपणावर ओतला. दिवसांमागून दिवस साचलेला मळवट तिने बोटांनी खरवडला. मी शेजारी उभा होतो. टोपणाच्या मधोमध टाचणीएवढे एक भोक उघडे पडले आणि लाल पाण्याचे दोन थेंब सुर्र आवाज करून आत ओढले गेले.

तो आवाज मला कळला. पेट्रोल खाली उतरायचे तर वरून हवा आत यावी लागते आणि ती त्या भोकातून येते. भोक बुजले होते. हवा नाही म्हणून पेट्रोल नाही. मी पेट्रोल पाहायला टोपण उघडीत होतो तेव्हा हवा आपोआप आत जात होती आणि श्रेय प्लगला मिळत होते. मागाला पेट्रोलची टाकी नसते. एवढेच मी माझ्या बाजूने म्हणू शकतो.

समोर काका नारळ घेऊन उभे होते, मागे सगळी चाळ. खरे कारण सांगितले असते तर एक पक्ष टोपणाचा आणि एक बैलाचा झाला असता. संपाने पक्ष पुरेसे दिले होते.

"बा देवा म्हाराजा," काका म्हणाले, "ह्यो चाकरमानी उद्या पोटापाण्यासाठी भायर पडता हा."

"व्हय म्हाराजा."

"तेची वाट मोकळी कर. मालकाक तेची किंमत कळांदे. आणि चतुर्थीक सुखरूप घराक येवांदे."

"व्हय म्हाराजा," मीही म्हणालो. जरा मोठ्याने.

नारळ फुटला. पत्नी हळदकुंकवाची वाटी घेऊन टोपणाकडे वळली. मी आडवा आलो.

"कपाळावर नको," मी म्हणालो.

"कित्याक?"

"आता तो चाकरमानी. बाप्या माणूस. त्याला मळवट कोण भरतो?"

तिने काकांकडे पाहिले. काकांनी विचार केला. "खरा आसा," ते म्हणाले. "बारीकसो टिळो लाव."

"खंय?"

"दिव्यावर," मी म्हणालो.

"थयसर तेचो डोळो."

"दिव्याच्या वर. भुवयांच्या मध्ये."

दिव्याच्या पत्र्यावर टिळा लागला. टिळ्यामुळे बंद पडणारे काही तिथे नव्हते. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड दुरुस्ती.

सोमवारी मी पिठाच्या गिरणीवरून न थांबता पुढे गेलो. गिरणीवाल्याने हात जोडले, मला की फटफटीला ते कळले नाही. मांजरे काही अंतर धावली आणि परतली. परळ, दादर मागे पडले. माटुंग्याला मालक दुकानाच्या पायरीवर उभा होता. तो शुद्ध शाकाहारी होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि नाकाला रुमाल लावला.

"मासे आणलेत?"

"नाही. गाडी आणली आहे."

"रोज येईल?"

"येईल."

"मग काम तुमचे. पण ती त्या कोपऱ्यावर उभी करा. अजून पुढे. अजून."

संध्याकाळी अंगणात शिरलो तेव्हा काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. मांजरे आधीच जमली होती.

"वेशीभायर गेलो?" त्यांनी फटफटीकडे बोट करून विचारले.

"गेलो."

"काम करून सांजेक दावणीक परत इलो?"

"इलो."

काकांनी फटफटीच्या आसनावर हात फिरवला, पाठीवर फिरवतात तसा.

"मगे," ते म्हणाले, "बैलाचाच गाऱ्हाणा खरा."