खिशाचा परकर

माझा फोन ताकाच्या पातेल्यात पडला, त्या रविवारी लोहगडवाडीत गाड्या लावायला जागा उरली नव्हती. गडाच्या वाटेवर सासूबाईंची पिठलं-भाकरीची टपरी आहे. शनिवार-रविवार मीही तिथे असायचे. हल्ली गडावर येणारी पोरं नोटा बाळगत नाहीत. पाटीवरचं चित्र स्कॅन करतात आणि "मावशी, आले का बघा" म्हणून उभी राहतात. म्हणजे ताकाच्या प्रत्येक ग्लासामागे मला फोन बघायला लागायचा. बहुतेक बायका ठेवतात तसा मीही तो ब्लाऊजमध्ये ठेवायचे आणि काढताना गिऱ्हाइकाकडे पाठ करायचे. त्या दिवशी गर्दीत तेवढीही उसंत नव्हती, म्हणून कमरेला खोचला. ताक ढवळायला वाकले आणि तो डुबकन आत गेला.

सगळं ताक ओतून द्यावं लागलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. माझ्या कमरेकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या पाचवारीत काय ठिवाय जागाच न्हाई. आमच्या लुगड्याला कनवट तरी हाय." आणि नऊवारीच्या कमरेच्या पिळातून त्यांनी मिश्रीची डबी, घराची किल्ली आणि चुरगळलेल्या नोटा काढून दाखवल्या. "ह्यातलं कवा काय पडलंय?"

फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, तरी तो पुन्हा सुरू झाला नाही, नवा घ्यावा लागला. मात्र सासूबाईंचा प्रश्न डोक्यात घर करून बसला. मला शिवणकाम येत होतं. माहेर घोरावाडी स्टेशनाजवळचं. तिथल्या विहारात शिवणाचा वर्ग भरायचा, तिथे मी लग्नाआधी शिकले होते. इकडे आल्यावर वाडीतल्या बायकांचे ब्लाऊज आणि परकर शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. आजवर इतके परकर शिवले, पण त्याला खिसा लावावा असं कधी सुचलं नव्हतं.

पहिला खिसा मी मांडीवर लावला, पँटला असतो तसा. त्यातून फोन काढायचा तर साडी गुडघ्यापर्यंत वर घ्यावी लागली. शेजारच्या टपरीतल्या मावशी हसून हसून बाकावर बसल्या. "ह्यो खिसा घरातच बरा गं बाई!" म्हणाल्या. मला राग आला, पण चूक कळली. साडी सगळी कमरेत खोचलेली असते, तेव्हा खिशाचं तोंड तिच्या वरच यायला हवं. दुसऱ्या परकराला मी नेफ्याच्या वरून तोंड ठेवलं, डाव्या कमरेला, बायका किल्ल्यांचा जुडगा अडकवतात तिथे. आत जाड कापडाची पिशवी लावली, घामाने फोन भिजू नये म्हणून अस्तर घातलं, वर छोटी चेन बसवली. नेसून बघितलं. बसले, वाकले, हंडा उचलून आणला. फोन जागचा हलला नाही. बाहेरून कुणाला दिसतही नव्हता. मी एकटीच घरात फेऱ्या मारत होते आणि हसत होते.

पुढच्या रविवारी त्याच मावशींनी मला फोन काढताना बघितलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. "मलाबी एक शिव." मग ओळीतल्या सगळ्या टपऱ्यांमधल्या बायकांनी मागितला. भातलावणीला जाणाऱ्यांनी मागितला, अंगणवाडीच्या बाईंनी मागितला.

वडगावला तहसील कचेरीसमोर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्जही तीच भरते. एकदा तिच्याकडे दाखल्याच्या कामाला गेले, तर फोन काढताना तिने माझा हातच धरला. "हे काय आहे? दाखव, दाखव." तिला आत नेऊन दाखवलं. ती म्हणाली, "तू हे वाडीतच विकत बसणार? अगं, साडी नेसणारी बाई काय फक्त मावळात आहे?"

मला ऑनलाइन दुकान म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम वाटायचं. ती म्हणाली, तुला शिवता येतं, मला कॉम्प्युटर येतो, अजून काय लागतं? दुकानातली गर्दी ओसरली की ती माझं पान तयार करायची आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून मापं सांगायचे. परकर खाटेवर पसरून आम्ही फोटो काढले. नाव ठरवायला वेळ लागला नाही. लोक म्हणतच होते, खिशाचा परकर.

दुकान सुरू झालं आणि कुणी फिरकलं नाही. रोज सकाळी उठून मी आधी फोन बघायचे. शेवटी एका अनोळखी बाईचा निरोप आला, तोही असा: "हा उशीचा अभ्रा आहे का?" मैत्रीण आधी खो खो हसली, मग म्हणाली, "बाई बरोबर बोलतेय. खाटेवर पसरलेल्या परकराचा खिसा कुणाला कळणार? कुणीतरी घालून दाखवायला पाहिजे."

घरी विषय काढला तेव्हा थोरले दीर आले होते. ते ट्रक चालवतात, चार गावांत ओळखी आहेत. ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. "परकर ही काय चारचौघांत दाखवायची वस्तू हाय? उद्या कुनी फोटो म्होरं करून मला इचारलं, भाऊ, ही तुमच्या घरातली का, तर मी काय सांगू?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो तळेगावला कंपनीत पाळीवर असतो, मितभाषी माणूस. म्हणाला, "फोटो न टाकता नाही का विकता येणार?" मला रडू फुटायच्या बेतात होतं. वाईट काही करत नव्हते, तरी अंगावरचा पदर सारखा करावासा वाटत होता, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजा काढा फोटू."

"आत्या, तुम्ही परकर घालतच नाही," मी म्हटलं.

"म्हनूनच. लुगड्यावरनं घालते. मग कुनाचं काय दिसतंय?" आणि दिरांकडे वळून म्हणाल्या, "तुला कुनी इचारलं तर सांग, माजी आई हाय."

दीर उठायला लागले होते. चहा मात्र पूर्ण पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण स्कूटीवरून वर आली. टपरीमागच्या मोकळ्या जागेत सासूबाई उभ्या राहिल्या. अंगावर हिरवं नऊवारी, त्यावर माझा लाल परकर, मागे गड. मैत्रिणीने फोटोऐवजी व्हिडिओच सुरू केला. काय बोलायचं ते आम्ही शिकवलं होतं, त्यातलं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

"बायांनो, मी लुगड्याची बाई. मला परकराची गरज न्हाई. पन माज्या सुनंनं ह्यो केलाय, त्यो बगा." मग खिशातून एकेक वस्तू निघायला लागली. फोन, किल्ल्या, चष्मा, मिश्रीची डबी, एक लिंबू आणि सगळ्यात शेवटी अख्खा कांदा. सगळं पुन्हा आत भरून त्यांनी चेन लावली, खाली वाकल्या आणि आमच्या ध्यानीमनी नसताना जागच्या जागी उड्या मारल्या. "पडलं का काय? न्हाई पडलं!"

मैत्रिणीने तो व्हिडिओ जसा होता तसाच टाकला. संध्याकाळी टपरी आवरताना माझा नवा फोन वाजायला लागला तो थांबेचना. साताऱ्याच्या शिक्षिका, नागपूरच्या परिचारिका, मंडईत भाजी विकणाऱ्या, मुलीच्या लग्नात दागिने कुठे ठेवायचे म्हणून काळजीत असलेल्या आया. "आजीबाईंच्या खिशातला कांदा बघून मागवतेय" असं कितीजणींनी लिहिलं. मी ते निरोप सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "कांद्याचं मला आपसूक सुचलं." दिरांना एका ढाब्यावर खरंच कुणीतरी विचारलं, आणि ते छाती पुढे काढून म्हणाले म्हणे, "माजी आई हाय." हे त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, आणि ट्रकमधून कापडाचे तागे आणून द्यायची तयारीही दाखवली.

कुरिअरवाला वाडीपर्यंत येत नव्हता. नवरा पाळी संपवून आला की पार्सलांचं पोतं मोटरसायकलला बांधायचा आणि वडगावला पोचवायचा. मधूनच एका बाईचा रागावलेला निरोप आला. तिचा फोन मोठा, खिसा उथळ, बसलं की फोन वर येतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी उठून मी खिशाची खोली वाढवली आणि ज्यांना उथळ खिसे गेले होते त्या सगळ्यांना निरोप पाठवला: परत पाठवा, बदलून देते. फार थोडे परत आले. पण ज्यांनी बदलून घेतले त्यांनी बहिणींसाठी, जावांसाठी आणखी मागवले.

एकटीच्या मशीनवर निभेना, तेव्हा वडगावला मैत्रिणीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. मोटर लावलेल्या मशिनी आणल्या. लाटणं खाली ठेवणाऱ्या मावशींची सून आता माझ्याकडे चेन बसवते, माझी जाऊ माल तपासते. ती फार कडक आहे, एक टाका चुकला तरी परत करते, मालकीण मी असले तरी. उद्घाटनाला माझी आई माहेरच्या वस्तीतल्या बायका घेऊन आली होती. ज्यांनी मला विहारात पहिली शिवण शिकवली, त्या बाईंनीच फीत कापली. कापताना कात्री हातात घेऊन म्हणाल्या, "धार चांगली ठेवलीयस." मला तेवढंच हवं होतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून लोकलने येत होते. दुपारची वेळ, डबा निम्मा रिकामा. समोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. त्यातल्या एकीने बोलता बोलता कमरेतून फोन काढला, मुलाशी बोलली आणि चेन ओढून परत ठेवला. शेजारची बघतच राहिली. "हे काय गं?" मग पहिलीने तिला सगळं समजावलं, खिसा कसा आहे, किती माल राहतो, धुतल्यावर कसा टिकतो. मीही इतकं चांगलं सांगू शकले नसते. "कुठे मिळतो?" दुसरीने विचारलं. "ऑनलाइन. मावळातली कुणी बाई आहे, तिची सासू व्हिडिओत उड्या मारते."

गप्प बसायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "ती बाई मीच," मी म्हणाले.

पहिलीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता कौतुक करेल. ती सरसावून पुढे आली आणि म्हणाली, "बरं झालं भेटलात. खिसा झकास आहे, पण नाडी जरा लांब द्या हो. आमच्यासारख्या अंगाने भरलेल्या बायकांनी गाठ कशी मारायची?"

"देते," मी म्हटलं. वडगाव आलं होतं. उतरून मी सरळ खोलीवर गेले आणि जावेला म्हणाले, नाडी वीतभर लांब कापायची, आजपासूनच.