लुगड्याच्या काठाची फीत

दिघ्याच्या आमच्या गल्लीत बायजाबाईंइतकं सावकाश कुणी जगत नाही. पंचाहत्तरीच्या या बाई दाराशी बसून कंपनीची शिफ्ट सुटलेली बघतात आणि बघता बघता कुठल्या कुठे जातात. चहा गार होतो. तो पुन्हा गरम करायचं काम माझं, शेजारणीचं.

त्या जातात ती जागा एकच. डिसेंबर छप्पन्न, बाबासाहेबांची अंत्ययात्रा. सहा वर्षांची बायजा वडिलांच्या खांद्यावर, खाली माणसंच माणसं, आणि ऐकू येतात ती फक्त पावलं. आई केशरबाईंनी नेसत्या लुगड्याचा काळा काठ फाडून घरातल्या सगळ्यांच्या दंडाला बांधला होता. बायजाबाई हे सांगतात तेव्हा भरदुपारी आमची गल्ली पांढऱ्या कपड्यांनी भरून वाहू लागते. मला दिसते, खोटं कशाला बोलू?

आईचा फोटो नाही, छोट्या बायजाच्या दंडाची तेवढी फीतच आहे. दर सहा डिसेंबरला ती साबणाने धुवायची, हा नेम. यंदा विहारात प्रदर्शन मांडणाऱ्या संघमित्राने ती मागितली. "खाली तुमच्या आईचं नाव लिहू," म्हणाली. केशरबाईंचं नाव आजवर कुठेच लागलेलं नव्हतं. बायजाबाई चार दिवस हवेत होत्या.

मग आम्ही दोघींनी शहाणपणा केला. धुवून धुवून फीत मातकट झालेली. चारचौघांत अशी कशी ठेवायची? मी रंगाची पुडी आणली, त्यांनी भिजवली. काळीकुळकुळीत निघाली.

"आजी, ही तर नवी वाटते," संघमित्रा म्हणाली. "कोण खरं मानेल?"

रंगवल्याचं मी सांगून टाकलं. तिने फीत उलटसुलट करून पाहिली.

"ही गाठ कधी सोडलीच नाही?"

"आयनं मारलेली हाय. हातातनं तशीच काढून ठेवली."

"मग आत रंग गेला नसेल. सोडली तर जुना काठ दिसेल, नाव लावता येईल."

बायजाबाईंनी फीत हातात घेतली. बोटं बराच वेळ त्या गाठीवर फिरत राहिली.

"तिच्या हातचं येवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "नाव नको लावूस, बाय."

सहा तारखेला फीत दंडावर चढेना, म्हणून मनगटात घालून त्या प्रदर्शनात फिरल्या. कुणी बघितलं की हात पुढे करायच्या आणि आईचं नाव सांगायच्या.